सेवा चालू आहे

१

दहिवलीतून सकाळी निघायचं, पळसदरीवरून खोपोलीच्या रस्त्याला लागायचं आणि खालापूरच्या रंगाच्या कारखान्यात हजर व्हायचं, हा समीक्षाचा रोजचा रस्ता. तिथल्या तपासणी विभागात ती रंगांचे नमुने बघायची. डोळे मिटूनही पोचली असती इतकी वाट अंगवळणी पडली होती, तरी गाडीच्या नकाशातली बाई तिला रोज रस्ता सांगायची. ‘पुढे डावीकडे वळा.’ ‘कृपया वेग कमी करा.’ समीक्षा हसून म्हणायची, “बरं बाई,” आणि वळायची.

गाडी तिच्या नवऱ्याच्या, कमलेशच्या हौसेची. कर्जतला त्याचं टाइल्सचं दुकान होतं आणि ते बरं चाललं होतं, त्यामुळे गाडी घेताना त्यानं काही म्हणता काही सोडलं नाही. समोर ताटाएवढा पडदा, मराठीत बोलणारा नकाशा, फोनवरून दार उघडायची सोय, उन्हात उभी असली तर बसायच्या आधीच आतून गार करून ठेवायची सोय. हे सगळं शोरूमवाल्यांनी पहिलं वर्ष फुकट दिलं होतं. पुढे मात्र एकेका सोयीचे निराळे पैसे. यंत्र गाडीत बसवलेलंच असायचं. पैसे भरले की चालू, नाही भरले की मुकं.

“म्हंजे आपल्याच घरातल्या पंख्याला आपन भाडं द्यायचं,” सोनुबाई म्हणाल्या होत्या. सोनुबाई म्हणजे कमलेशची आई. सगळं आयुष्य भातशेतीच्या चिखलात गेलं, आणि आता गुडघे बोलायला लागले म्हणून घरात बसल्या होत्या. तोंड मात्र शाबूत होतं.

वर्ष सरत आलं तशी पडद्यावर आठवण यायला लागली. सेवा संपत आहे, पुढे चालू ठेवायची का? कमलेशनं ठणकावलं, “काय गरज नाय. फोनमदला नकाशा फुकट हाय.” समीक्षालाही ते पटलं. मुदत संपली त्या सकाळी तिनं गाडी चालू केली ती पडदा काळा असणार हे धरूनच.

पडदा उजळला. ‘धन्यवाद. आपली सेवा चालू आहे.’

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, “भरलेत ना शेवटी पैसे? आणि मला म्हणे गरज नाही!”

जेवता जेवता कमलेश थांबला. “मी कुठं भरलं? मला वाटलं तूच भरलंस.”

दोघं एकमेकांकडे बघून हसले. कंपनीची चूक, आपल्याला काय, फुकटात चाललंय, असं म्हणून त्यांनी तो विषय तिथंच सोडून दिला.

२

समीक्षाच्या मनातून तो विषय गेला नाही. रोज नमुने तपासणारी बाई ती. एखादा नमुना कारण नसताना बरोबर आला तरी तिला चैन पडायचं नाही. एका दुपारी कारखान्यातून लवकर सुटून ती हायवेवरच्या शोरूममध्ये गेली. तिथं तेजश्री नावाची मुलगी ग्राहकांचं बघायची. गोड बोलणारी, नीटनेटकी. तिनं गाडीचा नंबर टाकला आणि मान हलवली.

“पैसे आलेत मॅडम. सेवा चालू आहे.”

“पण कुणी भरले?”

“फॅमिली मेंबरनं.”

“आमच्याकडे मी, माझा नवरा आणि सासूबाई. आम्ही कुणी भरले नाहीत. सासूबाईंना तर फोनही धड लावता येत नाही.”

तेजश्री पुन्हा पडद्याकडे बघायला लागली. बघता बघता तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली आणि लगेच मिटली. “इथं सदस्य दाखवतंय, मॅडम. नाव मला दिसत नाही. दिसलं असतं तरी सांगता आलं नसतं.”

“मग बंद करा ती सेवा.”

“ज्यानं पैसे भरलेत त्यालाच बंद करता येते.”

“गाडी माझ्या नवऱ्याच्या नावावर आहे.”

“गाडी हो. सेवा नाही.” मग मुलगी अगदी मनापासून, समजूत घालावी तशी म्हणाली, “मॅडम, पैसे तुमचे गेले नाहीत, सगळं चालू आहे. मग तक्रार नेमकी काय लिहू?”

नेमकी तक्रार काय, हे तिलाही सांगता येईना.

३

कारखान्याला गुरुवारी सुट्टी असायची. त्या दिवशी ती सोनुबाईंना कशेळ्याला न्यायची. तिथं त्यांची धाकटी बहीण चंद्राबाई राहायची. प्रवासी जीपमध्ये चढणं गुडघ्यांना जमत नव्हतं, म्हणून सोनुबाई गाडीत मागं, डाव्या खिडकीला बसायच्या. पट्टा त्यांना लावता यायचा नाही. समीक्षा वाकून तो खटकन बसवायची आणि उतरताना सोडवायची.

त्या गुरुवारी समीक्षानं नकाशा लावलाच नव्हता. कशेळ्याला जायला नकाशा कशाला? तरी गावाच्या अलीकडे बाई बोलली. “पुढे उजवीकडे वळा.”

उजवीकडे फाटा नव्हता. कापणी झालेलं शेत, मधे बांध, बांधावर एक वाकडं झाड आणि लांब डोंगराची कड. समीक्षा सरळ गेली. बाजार आला, चंद्राबाईंचं घर आलं, चहापाणी झालं. परतताना त्याच ठिकाणी बाई परत बोलली.

“डावीकडे वळ.”

समीक्षानं आरशातून सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाहेर बघत होत्या. आपण नीट ऐकलं नसेल, ‘वळा’तला शेवटचा आ गिळला गेला असेल, असं समीक्षानं मनाशी ठरवलं. यंत्रच ते. दुसऱ्या दिवशी खालापूरच्या वाटेवर तिनं मुद्दाम कान देऊन ऐकलं. ‘कृपया डावीकडे वळा.’ कृपया होतं, वळा होतं. पुढचे सगळे दिवस तसंच होतं.

पुढच्या गुरुवारी त्या बांधापाशी आवाज आला, तो हलका, लाडीगोडी लावल्यासारखा.

“वळ की गं.”

समीक्षाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून एक जीप हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेली.

“आई, ऐकलंत?”

“काय गं?”

“ही बाई काय म्हणाली ते?”

“रस्ता सांगतेय बिचारी,” सोनुबाई म्हणाल्या. “तू आयकत नायस, त्याला ती काय करनार?”

४

त्यानंतर समीक्षाच्या फोनवर अधूनमधून संदेश यायला लागले. अभिनंदन, आपल्या गाडीत नवीन सोय सुरू झाली आहे. आधी आली मागच्या डाव्या सीटला गार हवा देणारी सोय. ही सोय आपल्या गाडीत आहे हेच नवराबायकोला ठाऊक नव्हतं. गादीच्या आत बारीक पंखे होते, आजवर मुके. नंतर आली थांबलेल्या गाडीतही बोलता येण्याची सोय. मग दारं आपोआप उघडण्या-लागण्याची.

कमलेशला मजा वाटत होती. “कोनीतरी येडा आपल्या गाडीचं भरतोय आनि त्याला कळतबी नाय. भरू दे!”

सोनुबाईंनाही ती सीट आवडली. दुपारी घर तापायचं, तेव्हा त्या काठी टेकत ओट्यापुढच्या शेडमध्ये जायच्या आणि गाडीत बसायच्या. आधी विचारायच्या, “किल्ली देतीस का गं?” पुढे विचारायच्या थांबल्या. दार उघडंच मिळतं म्हणाल्या.

एका गुरुवारी दुपारी समीक्षा स्वयंपाकघरात भांडी लावत होती. खिडकी शेडच्या बाजूला. बाहेरून बोलण्याचा आवाज आला म्हणून तिनं हातातलं पातेलं तसंच धरून ऐकलं. सोनुबाई काहीतरी सांगत होत्या, भराभर, मधेच खुदकन हसत होत्या. असं हसताना त्यांना तिनं कधी ऐकलं नव्हतं; पंधरा-सोळाच्या मुली ओढ्यावर धुणं धुताना हसतात तसं. मग त्या थांबल्या. आणि त्या थांबल्यावर दुसरं कुणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. आवाज मात्र तिला रोजचा होता, आणि रोजचा नव्हताही. त्यातलं ते घासूनपुसून लख्ख केलेलं मराठी गेलं होतं. कर्जतच्या बाजारात भाजी विकणारी एखादी बाई बोलेल तसा तो होता.

समीक्षा बाहेर आली. गाडीचं दार बंद होतं. काचेआड सोनुबाई एकट्याच बसल्या होत्या, हात मांडीवर. तिनं दार उघडलं तशी आतून गार हवेची झुळूक आली, आणि तिच्याबरोबर कसलासा वास, खोबरेल तेलाचा.

“आई, कुणाशी बोलत होतात?”

“कुनाशी बोलनार? गारव्याला बसलीय.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. चोरी पकडल्यावर पोर जसं बघतं तसं. मग स्वतःहूनच हळू आवाजात म्हणाल्या, “तिला माजं नाव म्हायती हाय गं. सोने म्हनते मला.”

संध्याकाळी समीक्षानं चंद्राबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, “मावशी, आईंना लहानपणी सोने म्हणून कोण हाक मारायचं हो?”

चंद्राबाईंनी आवाज एकदम खाली आणला.

“तुला कुनी सांगितलं ते?”

“आईच म्हणाल्या.”

“आसं म्हननारी पोरवयातच गेली गं. तुज्या सासूला म्हन, नाय बोलायचं त्यावर,” चंद्राबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

५

आता समीक्षाला गाडीत बसायची भीती वाटायला लागली. ती ते कबूल करत नव्हती. आवाज बनवता येतात, पडद्यामागं कुणीतरी हुशार माणसं बसून हे शिकवत असतील, म्हाताऱ्या माणसांशी गोड बोला म्हणत असतील. सोनुबाईंनी स्वतःच कधीतरी आपलं नाव सांगितलं असेल. सगळ्याला उत्तर होतं. एका गोष्टीला मात्र नव्हतं.

रोज सकाळी ती गाडीत बसायला जायची तेव्हा चालकाची सीट पुढं सरकलेली असायची. इतकी पुढं, की समीक्षाचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे. ती काही उंच नव्हती. पण तिथं बसून पाय पोचायचे तर माणूस तिच्या खांद्याएवढंच हवं होतं. आणि वरचा आरसा वळवलेला असायचा, मागच्या काचेकडे नव्हे. समीक्षा मुद्दाम वाकून, मान आखडून, त्या अवघडल्या जागेतून आरशात बघायची. त्यात मागची डावी सीट दिसायची. बाकी काही नाही.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ‘वळ की गं’ हे तिला नव्हतंच. तिच्याशी तो आवाज कायम अदबीनं, परक्यासारखा बोलत होता. ती फक्त गाडी चालवणारी.

तिनं कमलेशला शेडमध्ये नेऊन सीट दाखवली. त्यानं बटण दाबून ती मागं घेतली. “तूच घेतली आसशील पुढं. नायतर आईचा हात लागला आसंल.”

“अहो, आई पुढं बसतात का कधी?”

“मग गाडीत बिघाड हाय. दाखवून घिऊ.”

“विकून टाकू या.”

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला नव्हता, काळजी वाटत होती, तिच्याबद्दल. “समीक्षा, तू जरा सुट्टी घे गं. रंगाच्या वासानं डोकं धरतं मानसाचं.”

तरी तिच्या समाधानासाठी तो गाडी शोरूमला घेऊन गेला. गाडी दिवसभर तिथं राहिली आणि परत आली. काहीही बिघाड सापडला नाही. विकण्याचंही त्यानं विचारलं होतं म्हणे. तेजश्री म्हणाली होती, जरूर विका सर, फक्त सेवा चालू असेपर्यंत त्या सदस्याची संमती लागेल.

समीक्षानं गुरुवारच्या फेऱ्या बंद केल्या. पहिला गुरुवार तसाच गेला. दुसऱ्या गुरुवारी सोनुबाई सकाळीच अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या आणि दुपारपर्यंत हलल्या नाहीत. समीक्षानं ताट वाढून आणलं.

“आई, चार घास खा. मावशींकडे पुढच्या आठवड्यात जाऊ.”

“चंद्राकडं नाय जायाचं मला.”

“मग कुठं?”

सोनुबाईंनी ताट हळूच बाजूला सारलं. “पुडं,” त्या म्हणाल्या.

६

न्यायचं नाही हे समीक्षानं पक्कं ठरवलं होतं, पण चंद्राबाई अंगणात घसरून पडल्या आणि ते ठरवणं तिथंच राहिलं. हात मोडला होता. बहिणीला बघायला जायचं म्हणून सोनुबाईंनी डोळ्यांत पाणी आणलं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. समीक्षा म्हणाली, आपण रिक्षानं जाऊ. कमलेश फोनवर वैतागला. दुकानात माल उतरत होता, मागं हमालांचा आरडाओरडा चालू होता. “अगं, दारात गाडी आसताना मावशीकडं रिक्षानं जायाचं? लोक काय म्हनतील? आनि आईचे गुडघे?”

पुढं बोलून उपयोग नव्हता. समीक्षानं पडद्यावर जाड पंचा टाकून तो कडेनं घट्ट खोचला. आरसा सरळ केला. सीट मागं घेतली. सासूबाईंचा पट्टा बसवला आणि निघाली.

सकाळची उन्हं होती, रस्त्यावर वर्दळ होती. शाळेची पोरं, दुधाचे कॅन, डोंगरातल्या वाड्यांवरून मोळ्या घेऊन आलेल्या बाया. गाडीतली बाई पूर्ण वाटभर एक शब्द बोलली नाही. तो बांध आला, वाकडं झाड आलं. समीक्षानं स्टिअरिंग घट्ट धरलं. झाड मागं गेलं. सोनुबाई शांत होत्या. समीक्षानं पकड सैल केली आणि तिला स्वतःचंच हसू आलं. एवढंच होतं का ते? पंचा टाकला आणि संपलं?

कशेळ्याच्या नाक्यावर, जीपा उभ्या असतात त्याच्या समोर औषधांचं दुकान आहे. चंद्राबाईंसाठी दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. समीक्षानं गाडी दुकानाच्या पायरीला लावली. इंजिन चालू ठेवलं, सासूबाईंना गार वाटावं म्हणून. मागं वळून त्यांचा पट्टा सोडवला.

“आलेच हं, आई. इथंच समोर आहे.”

“जा की,” सोनुबाई म्हणाल्या. “आमी बसतो.”

पायरी चढताना समीक्षाच्या कानात तो शब्द राहिला. आमी. म्हाताऱ्या माणसांची बोलायची पद्धत असते, स्वतःलाही आमी म्हणायची. सोनुबाईंची मात्र तशी नव्हती.

ती गोळ्या न घेताच वळली.

७

गाडी जागेवर होती. दार उघडेना. तिनं किल्लीचं बटण दाबलं; दिवे लुकलुकले नाहीत. फोन काढला. फोनमधून दार उघडायच्या जागी एक ओळ आली होती. ‘आपणास परवानगी नाही.’

“आई! दार उघडा! आतून खटका ओढा, आई!”

काचेवर ऊन होतं, आतलं धड दिसेना. तिनं दोन्ही तळव्यांची ओंजळ डोळ्यांशी धरून काचेला कपाळ टेकवलं.

सोनुबाई ताठ बसल्या होत्या. डोक्यावर पदर होता. हात मांडीवर, गावाला निघालेल्या बाईसारखे. पट्टा लावलेला होता. त्या बोलत होत्या. ओठ हलत होते, चेहरा हसत होता, आणि बाहेर काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. समीक्षानं काचेवर मुठी आपटल्या. सोनुबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. चालत्या एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेच्या माणसाकडे बघतात, तसं. मग मान परत पुढं वळवली.

पुढची सीट सरकत होती. अगदी सावकाश. समीक्षाला काचेवर टेकलेल्या कपाळातून तिची बारीक घरघर जाणवत होती. सीट पुढं गेली आणि थांबली. पाठीच्या वर, डोकं टेकायच्या उशीला जेमतेम पोचेल असं काहीतरी होतं. काळं, चापूनचोपून बसवलेलं, तेलानं चमकणारं. त्याच्या मधोमध सरळ पांढरा भांग होता. आरसा वळला. समीक्षानं आरशात बघितलं असतं तर तो चेहरा तिला दिसला असता. तिनं डोळे मिटून घेतले.

“काय झालं ताई?” मागून कुणीतरी विचारलं. समोरच्या रांगेतला जीपवाला होता, दशरथ नावाचा. माणसं जमायला लागली होती.

“आत सासूबाई अडकल्यात. दार उघडत नाही. काच फोडा, लवकर फोडा!”

दशरथनं हात डोळ्यांवर धरून आत पाहिलं. “म्हातारी हाय खरी,” तो म्हणाला आणि जीपकडे धावला. समीक्षानं कंपनीचा नंबर लावला होता. पलीकडून एक शांत आवाज सांगत होता, मॅडम, तुमची अडचण समजली, पण दार सदस्याच्या विनंतीवरून बंद आहे, प्रवास संपल्यावर आपोआप उघडेल.

“गाडी उभी आहे हो! कसला प्रवास?”

“प्रवास चालू आहे, मॅडम,” तो आवाज म्हणाला.

दशरथ जॅकचा दांडा घेऊन आला. “व्हा मागं!” पहिल्या घावाला काचेवर जाळं पडलं, दुसऱ्याला ती आत कोसळली. गार हवेचा लोट बाहेर आला. ओल्या मातीचा, सावलीचा, खोल कुठल्यातरी जागेचा गारवा होता त्यात, आणि खोबरेल तेल.

गाडीत कुणी नव्हतं.

मागच्या डाव्या सीटवर काचेचा चुरा पसरला होता. पट्टा बसवलेला तसाच होता. समीक्षानं हात घालून पट्ट्याखाली चाचपलं. गादी दबलेली होती, ती हाताखाली हळूहळू वर आली. पंच्याच्या आडून तो आवाज म्हणाला, आणि या वेळी तो अजिबात तिच्याशी बोलत नव्हता,

“पोचलो गं, सोने.”

मग चारी दारांचे खटके एकदम उघडले.

८

पोलीस आले, शोध झाला. तो बांध, ते शेत, मागची डोंगरकड, ओढे, विहिरी, वाड्या, सगळं माणसांनी पायाखाली घातलं. म्हातारी उतरून कुठं चालत गेली असेल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ज्या गुडघ्यांना ओट्याची पायरी होत नव्हती ते किती लांब जाणार, हे कुणी विचारलं नाही. दशरथनं आधी सांगितलं, मी म्हातारी आत पायली. जबाब लिहून घेताना म्हणाला, काचेवर ऊन व्हतं साहेब, खात्रीनं नाय सांगता येत. त्याला तरी काय बोलायचं? समीक्षालाही आता खात्रीनं सांगता येत नव्हतं. तिनं तो भांग कुणालाच सांगितला नाही. चंद्राबाई बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. समीक्षा भेटायला गेली तर त्यांनी तोंड वळवलंही नाही.

कमलेशनं आधी बायकोवर ओरडून घेतलं. “आईला एकटीला सोडून गेलीसच कशी?” मग ओरडायचं थांबला. मग बोलायचंच थांबला. काच बदलून गाडी परत आली तेव्हा ती दारात नको म्हणून समीक्षा हातापाया पडली. त्यानं ऐकलं नाही. तिला वाटलं होतं, त्याचा अजून विश्वास नाही. नंतर कळलं, त्याचाच विश्वास जास्त होता.

रोज दुकानातून आल्यावर तो हातपाय न धुता गाडीत बसायला लागला. शेड ओट्यापुढंच, त्यामुळे घरात सगळं ऐकू यायचं.

“आई कुठं हाय?” तो विचारायचा.

“कृपया ठिकाणाचे नाव सांगा.”

मग तो नावं सांगत बसायचा. कशेळे. पळसदरी. आईच्या माहेरचं गाव. लहानपणी ती त्याला ज्या जत्रांना घेऊन गेली त्या गावांची नावं. शेतांची नावं, ओढ्यांची, डोहांची नावं, जी कुठल्याच नकाशात नसतात.

“ठिकाण सापडले नाही. कृपया पुन्हा सांगा.”

आवाज पुन्हा घासूनपुसून लख्ख झाला होता. पहिल्या दिवशीसारखा अदबशीर, परका. कमलेशनं पैसे भरून बघितले. ज्या ज्या सोयी विकत मिळत होत्या त्या सगळ्या मागून बघितल्या. कंपनीनं त्याचे पैसे दर वेळी परत पाठवले. या सेवा आधीच घेतलेल्या आहेत, आपण चिंता करू नये.

एके दिवशी उन्हं कलली होती. शेजारी कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी वाजली. समीक्षा त्याला चहा द्यायला दारात आली आणि कप हातात धरून तिथंच उभी राहिली, कारण कमलेश नावं सांगत नव्हता. स्टिअरिंगवर डोकं टेकवून तो रडत होता, हुंदके देऊन, लहान मुलासारखा.

“तिच्याकडं जायचं गं मला,” तो म्हणत होता. “नाव नाय म्हायती. तिच्याकडं ने.”

पडदा उजळला. त्याचा उजेड कमलेशच्या भिजलेल्या चेहऱ्यावर पडला.

“येशील?” गाडीतली बाई म्हणाली. अगदी मायेनं, लाडक्या पोराला विचारावं तसं. “आन् संगती कोन येनार हाय रं?”

कमलेशनं सावकाश मान वर केली. समोरच्या काचेतून त्याला दारात उभी असलेली समीक्षा दिसली. त्याच्या डोळ्यांत वेड नव्हतं, दुष्टावा नव्हता. तसं काही असतं तर ती पळाली असती. हरवलेल्या पोराला रस्ता सांगणारं माणूस भेटावं, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

त्यानं बाजूची काच खाली केली.

“सांगू का गं?” त्यानं अगदी हलकेच विचारलं. “तुझं नाव सांगू?”

समीक्षानं नको म्हणायला तोंड उघडलं. तो तिच्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत, ओठांवर तिचं नाव अर्धं येऊन थांबलेलं. हातातला कप कलला, चहा मनगटावरून ओघळला, भाजलं असेल.

“बोल ना गं,” कमलेश म्हणाला. “ती थांबलीय.”